फॉरमॅट मारण्याआधी

संगणक दुरुस्तीच्या दुकानात एक वाक्य फार सहज बोललं जातं : "फॉरमॅट मारावं लागेल." समोरचा माणूस मान हलवतो, कारण दुसरं काही करता येतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप चालू होतो, पैसे दिले जातात. घरी गेल्यावर कळतं की लग्नाचे फोटो नाहीत, टाइप केलेला प्रकल्प नाही, स्कॅन करून ठेवलेले दाखले नाहीत. मी नंदुरबारला एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा बरीच वर्षं सांभाळतो आहे, आणि या वाक्याचा मला मनापासून राग येतो.

कारण असं, की चालू न होणाऱ्या संगणकातलं बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. डिस्क ठणठणीत असते, फाइली जागच्या जागी असतात. हरवलेला असतो तो त्यांच्यापर्यंत पोचायचा पत्ता. तो पत्ता पुन्हा लिहायला फॉरमॅटपेक्षा कमी वेळ लागतो. पण त्यासाठी स्क्रीनवर काय लिहून आलंय ते वाचावं लागतं, आणि काल काय केलं होतं हे मालकाला विचारावं लागतं. एका संगणकात विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम असल्या तर हे हमखास खरं असतं. तिथे गोंधळ जवळजवळ नेहमी दारातच झालेला असतो, घराच्या आत नाही.

आमच्या जिल्ह्यात अशी दुहेरी यंत्रं वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत, आणि ती गरजेपोटी आहेत. संगणकशास्त्राच्या मुलांना लिनक्सची प्रात्यक्षिकं करावी लागतात. दुसरीकडे दुकानाचा हिशेब टॅलीत, लग्नपत्रिका आणि बॅनर श्रीलिपीत, आणि हे दोन्ही चालतं विंडोजवर. घरात लॅपटॉप एकच. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची साक्षरता चौसष्ट टक्क्यांच्या आसपास होती आणि लोकसंख्येत आदिवासी समाज सत्तर टक्क्यांच्या जवळ. इथल्या कित्येक घरांत आज कॉलेजात असलेली पोरं घराण्यातली पहिली पदवीधर होणार आहेत, आणि त्यांचा लॅपटॉप हा घरातला पहिला लॅपटॉप असतो. तो भाऊ वापरतो, बहीण वापरते, शेजारचा मुलगा फॉर्म भरायला येतो. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. तेव्हापासून सगळे कागद हळूहळू यंत्रात गेले. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं त्या एका डिस्कवर. तिचं पुसलं जाणं म्हणजे या मुलांसाठी पुन्हा तालुक्याच्या चकरा.

धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी मागे माझ्याकडे आली होती. चांदसैली घाट उतरून तळोदा, मग तापीवरचा हातोडा पूल ओलांडून नंदुरबार असा एसटीचा प्रवास, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप, सोबत धाकटा भाऊ. एम.ए.च्या प्रकल्पासाठी ती पावरी बोलीतली गाणी गोळा करत होती. भोंगऱ्या बाजारात म्हटली जाणारी, होळीची, लग्नातली, आणि आजीकडून ऐकलेल्या याहा मोगीच्या कथा. मोबाइलची जागा भरली की ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर टाकायचं आणि मोबाइल रिकामा करायचा, अशी तिची पद्धत. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

"सर, दुकानात फॉरमॅट सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यात आजीची गाणी आहेत."

स्क्रीन काळी होती, आणि वर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी. असं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तसा भाग, सापडत नाही, अशा अर्थाची पहिली. दुसरी नुसती 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारी खूण. मी भावाला विचारलं, "काल-परवा काही काढलं, टाकलं होतंस का?" तो बीसीएला होता आणि लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स त्यानेच टाकलेलं होतं. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ताईच्या रेकॉर्डिंगला जागा पुरत नव्हती सर. म्हणून माझं लिनक्सचं पार्टिशन मी काढून टाकलं."

एवढं कळल्यावर पुढचं काही अवघड नव्हतं. उबुंटू टाकलं की त्याच्याबरोबर ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम येतो. लॅपटॉप चालू करताच तो पुढे होतो आणि विचारतो, कोणती सिस्टिम उघडू? पण ग्रब दोन ठिकाणी राहतो. त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या एका लहानशा, सगळ्यांना सामाईक अशा पार्टिशनमध्ये असतो. यादी, सेटिंग आणि बाकीचे भाग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. मुलाने लिनक्सचं पार्टिशन पुसलं, पहिला तुकडा मात्र तसाच राहिला. लॅपटॉप चालू झाला की तो उठतो, आपलं उरलेलं सामान शोधतो, ते सापडत नाही, आणि तो तिथेच थांबतो. विंडोज त्याच्या शेजारी पूर्ण शाबूत असतं. त्याच्यापर्यंत पाळी येत नाही इतकंच.

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना मी बूट मेनूची कळ दाबली. कुठे ती एफ१२ असते, कुठे एफ९, कुठे एस्केप. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' होतं. ते निवडलं आणि विंडोज उघडलं. फोल्डर होतं. मुलीने एक फाइल लावली. म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज खोलीत भरला, मागे कोंबड्यांचा कालवा. दुरुस्ती पुढे चालवायच्या आधी सगळं ध्वनिमुद्रण बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, मग त्या डिस्कवरून प्रयोगशाळेतल्या संगणकावर. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन विंडोजला पहिला क्रमांक दिला. आधी प्रत, मग दुरुस्ती. हा क्रम मी कधीच मोडू देत नाही, समोरचा कितीही घाईत असो.

दुकानात तिने हो म्हटलं असतं तर? पावरी बोलीतली ती गाणी दुसरीकडून डाउनलोड करता येत नाहीत. ती म्हणणाऱ्या पिढीतली माणसं वर्षागणिक कमी होताहेत.

फाइलींपर्यंत पोचायचा हा पत्ता यंत्रात कुठे असतो, ते सांगायला मला फार आवडतं, कारण ते कळलं की मुलांची भीती जाते. जुन्या संगणकात डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटांची एक जागा असते. त्यातले ४४६ बाइट सुरुवात करून देणाऱ्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत त्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट ओळखीची खूण म्हणून. एका भागाच्या नोंदीला सोळा बाइट लागतात, म्हणून जुन्या पद्धतीत मुख्य पार्टिशन चारच. शेकडो जीबीची डिस्क, आणि ती उघडते की नाही हे ठरतं या परिच्छेदाएवढाही नसलेल्या मजकुरावर. विंडोज नव्याने टाकलं की ते या जागी आपला मजकूर लिहायचं आणि लिनक्सचा पुसला जायचा. लिनक्स डिस्कवर जसंच्या तसं, फक्त त्याला हाक मारणारं कोणी नाही. लोक म्हणायचे, "लिनक्स उडालं." उडालेलं काहीच नसायचं.

त्या काळात ग्रबच्या आधी लिलो नावाचा प्रोग्राम असे. त्याची एक गोष्ट मला आजही सुंदर वाटते. चालू होताना तो आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरं एकेक करून स्क्रीनवर उमटवायचा, प्रत्येक टप्प्याला एक अक्षर. मध्येच अडला तर उमटलेली अक्षरं पाहून कळायचं की घोडं नेमकं कुठे अडलंय. एकच अक्षर आलं तर पहिला टप्पा पार पडला, दोन आली तर दुसरा भाग सापडला पण चालला नाही. ज्याने हे लिहिलं त्याने पुढे रात्री-अपरात्री काळ्या स्क्रीनसमोर बसणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार केला होता. तेव्हा मदतीला इंटरनेट नव्हतं. संगणक मासिकांच्या सीडी आणि पुढे उबुंटूवाल्यांनी जगभर टपालाने फुकट पाठवलेल्या सीडी, एवढीच आमची रसद. टपालवाल्याने आणून दिलेलं ते तपकिरी पाकीट मी जपून ठेवलं आहे.

नव्या संगणकात व्यवस्था बदलली. आता ईएफआय नावाचं वेगळं छोटं पार्टिशन असतं आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचं स्वतंत्र फोल्डर. विंडोजचं एक, उबुंटूचं एक. कोणाला आधी हाक मारायची, ती यादी डिस्कवर नसतेच. ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. त्यामुळे एकाने दुसऱ्याचा मजकूर पुसण्याचे प्रसंग कमी झाले, पण पहिल्या क्रमांकासाठीची ओढाताण राहिली. विंडोजचं मोठं अपडेट झालं की कधीकधी ते पुन्हा यादीच्या वर जाऊन बसतं आणि मुलगा धावत येतो : "सर, उबुंटू गेलं!" गेलेलं नसतं, एक पायरी खाली उतरलेलं असतं. बूट मेनूतून उबुंटू उघडायचं आणि क्रम बदलायचा, झालं.

आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा रंगवलेली, आणि प्रवासी त्यावर बसून फोटो काढून घेतात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. सुरत-भुसावळ मार्ग आधीचा, राज्यं १ मे १९६० ची. तिथे घोटाळा होत नाही, कारण दोन्ही बाजूंना दुसऱ्या बाजूचं अस्तित्व मान्य आहे आणि गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही भाषांत होते. दोन सिस्टिमचा संगणक नीट चालायला हेच लागतं. दुसरी आहे हे पहिलीने मान्य करायचं आणि यादीत तिचंही नाव घ्यायचं.

या बाबतीत ग्रबचा स्वभाव मला फार चांगला वाटत आला. तो बसवताना डिस्कवर आणखी कोण कोण आहे ते शोधायचा आणि सापडेल त्याचं नाव यादीत घालायचा. विंडोजने लिनक्सचं नाव आपल्या यादीत आपणहून घातल्याचं मी पाहिलेलं नाही. मात्र २०२१ मध्ये ग्रबची २.०६ ही आवृत्ती आली तेव्हा सुरक्षेच्या कारणासाठी हा शोध मुळातच बंद ठेवायचं ठरलं. आता तो आपल्याला सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहून चालू करावा लागतो. कारण समजण्यासारखं आहे, तरी मला ते आवडलं नाही. नवशिक्या मुलाला ही ओळ माहीत नसते. यादीत विंडोज दिसत नाही म्हटल्यावर त्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो थेट दुकान गाठतो.

दारात होणाऱ्या गोंधळाचे आणखी दोन प्रकार इथे वारंवार दिसतात. पहिला विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'चा. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ही सोय आली. शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपली अर्धीमुर्धी अवस्था डिस्कवर लिहून झोपी जातं, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर उठता येईल. मग लिनक्समधून त्याच डिस्कवरच्या फाइलींत लिहायला गेलं की लिनक्स नकार देतं, आणि योग्यच करतं. झोपलेल्याच्या खोलीतलं सामान हलवलं तर उठल्यावर त्याला काहीच सापडायचं नाही. मुलं शपथेवर सांगतात, "सर, मी शटडाउनच केलं होतं." खरंच केलेलं असतं. उपाय असा की दोन सिस्टिम ठेवायच्या तर ही सोय बंदच करावी. निदान शिफ्टची कळ दाबून शटडाउन करावं.

दुसरा प्रकार घड्याळाचा. संगणकाच्या आत छोटं घड्याळ असतं, बंद असतानाही चालणारं. विंडोज धरून चालतं की ते स्थानिक वेळ दाखवतं. लिनक्स धरून चालतं की ते ग्रिनिचची वेळ दाखवतं. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की भिंतीवर अकरा वाजलेले असताना स्क्रीनवर साडेपाच. फरक बरोबर साडेपाच तासांचा, कारण भारतीय वेळ ग्रिनिचच्या तेवढीच पुढे आहे. पुण्या-मुंबईत इंटरनेट ही चूक थोड्या वेळात दुरुस्त करून टाकतं. धडगाव-अक्राणीच्या डोंगरात जिथे मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, तिथे ती चूक दिवसेंदिवस राहते आणि फाइलींवर चुकीच्या वेळा पडत जातात. गाणी कधी मुद्रित केली याची नोंद ठेवणाऱ्या त्या मुलीला हे महागात पडलं असतं. घड्याळ स्थानिक वेळेचं समज, एवढं लिनक्सला एका ओळीत सांगता येतं.

हेच घड्याळ ज्या नाण्याएवढ्या सेलवर चालतं, तो संपला की जुन्या संगणकात भलतंच होतं. तारीख कित्येक वर्षं मागे जाते, मूळ सेटिंग परत येतात, डिस्कशी बोलायची पद्धत बदलते, आणि विंडोज निळ्या पडद्यावर अडून बसतं. त्या सेलचं नाव सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो. या एवढ्याशा सेलपायी डिस्क पुसली गेलेली मी पाहिली आहे. वीज अचानक गेल्यामुळे लिनक्स 'इनिटरामएफएस' असं लिहून थांबतं तेव्हाही डिस्क पुसायची गरज नसते. फाइल सिस्टिम तपासायची एक आज्ञा दिली की बहुतेक वेळा ते उठून चालू लागतं.

दोष नेहमी वापरणाऱ्याचा नसतो, हेही सांगायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं एक सुरक्षा अपडेट आलं. जुन्या, धोकादायक ठरलेल्या बूट प्रोग्रामांना रोखणं हा त्याचा हेतू. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना ते लागू होऊ नये असं ठरलेलं होतं, पण अशी सगळी यंत्रं त्याला ओळखता आली नाहीत. जगभर कित्येकांचं लिनक्स एका रात्रीत उघडेनासं झालं, आणि स्क्रीनवर इंग्रजीत फक्त एवढंच की काहीतरी फारच बिनसलं आहे. लिलोच्या त्या अक्षरांसमोर हे वाक्य मला फार गरीब वाटतं. घाबरवतं पुरेपूर, सांगत काहीच नाही. उपाय होता : सिक्युअर बूट, म्हणजे फक्त विश्वासातले बूट प्रोग्राम चालू देणारी सोय, तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन तो नवा नियम काढायचा, पुन्हा चालू करायचं. लिनक्सवाल्यांनीही हे केलेलं आहे. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली 'बूटहोल' ही त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटनेच रेड हॅटची कित्येक यंत्रं उठेनाशी झाली होती.

आता हा विषय आमच्यासाठी आणखी जवळचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला जी चिप आणि जो प्रोसेसर लागतो, ते आमच्याकडच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये नाहीत, आणि ते लॅपटॉप अजून उत्तम चालतात. त्यांना टाकून द्यायची ऐपत कोणाची आहे? शहाण्याने त्यात लिनक्स घालावं, आणि श्रीलिपीसाठी किंवा टॅलीसाठी विंडोज शेजारी राहू द्यावं. म्हणजे येत्या काही वर्षांत अशी दुहेरी यंत्रं वाढणार आणि दारातले गोंधळही. लिनक्स शिकायला आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीतही आहेत. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय पाहता येतात. मी ते प्रयोगशाळेत ठेवले आहेत, मागेल त्याला देतो.

जिल्ह्यातल्या दुरुस्तीवाल्या बांधवांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमचे हात कुशल आहेत, तुमच्यावाचून आमचं चालत नाही. गिऱ्हाइकाचं यंत्र उघडलं की एक पेनड्राइव्ह लावा, ज्यावरून लिनक्स थेट चालतं, डिस्कला हात न लावता. त्यातून फाइली दिसतात का पाहा. दिसल्या तर आधी त्या बाहेर काढून द्या, आणि त्या कामाचे वेगळे पैसे घ्या, खुशाल घ्या. लोक देतील. मग पत्ता दुरुस्त करा. नाहीच जमलं तर फॉरमॅट आहेच.

आणि ज्यांच्या घरी नवा, विंडोज ११ चा लॅपटॉप आहे त्यांना एक सांगणं. त्याची डिस्क बहुधा कुलूपबंद असते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. दुसरी सिस्टिम टाकली, सेटिंग बदललं की तो एकदम ४८ अंकी चावी मागतो. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं कोणालाच काढता येत नाही, मलाही नाही. ती चावी बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. खातं कोणाच्या नावाने, कोणत्या नंबरवर उघडलंय ते आज शोधा, चावी कागदावर उतरवा, दोनदा ताडून पाहा, आणि तो कागद रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा.